लांबचा पल्ला

नाटकाचं परीक्षण लिहिणारा निदान तिसऱ्या घंटेला थिएटरात हजर असतो. पुस्तकाचं परीक्षण लिहिणारा प्रस्तावना तरी वाचतो. विमानांवर लिहिण्याचा माझा अधिकार मात्र सर्वस्वी पत्त्यावरून आलेला आहे. मी अंधेरीला, चकाल्यात राहतो. सहारचं टर्मिनल सुरू झालं तेव्हापासून आमच्या घरात बोलण्याची एक खास पद्धत पडली आहे. वाक्य अर्ध्यावर सोडायचं, विमान जाऊ द्यायचं आणि त्याच शब्दापासून पुन्हा उचलायचं. बाहेरगावच्या पाहुण्यांना वाटतं, ही मंडळी फार विचार करून बोलतात. भांडण असलं तर अर्थात दोन्ही बाजूंना उत्तर शोधायला वेळ मिळतो, हा फायदा निराळाच.

तर परीक्षणाचा विषय आहे एअर इंडियाचं एअरबस ए-350. हे लांब पल्ल्याचं विमान 2023 च्या डिसेंबरात भारतात दाखल झालं. त्यात जागा 316. पैकी 28 भाग्यवंतांना स्वतंत्र खोलीच म्हणा ना, आणि तिला चक्क सरकतं दार! अंधेरीत आतून लावता येईल असं एक जास्तीचं दार मिळवायचं तर माणसाचा प्रॉव्हिडंट फंड खर्ची पडतो. त्याखालचा 24 जागांचा एक मधला वर्ग आहे, म्हणजे पुढे बसणं परवडत नाही आणि मागे बसणं शोभत नाही अशांसाठी. उरलेले 264 जण गुडघे सांभाळून बसतात. त्यांच्यावर लिहिण्यासारखं कोणत्याच काळात फारसं नव्हतं.

रूप छान आहे. खोट दिसली ती नावात, कारण मला तरी नाव दिसलंच नाही. फोटोत शेपटीकडे फक्त ‘व्हीटी-जेआरए’ ही अक्षरं. पूर्वी असं नव्हतं. 1948 च्या जूनमध्ये मुंबईहून कैरो, जिनिव्हा करत लंडनला पहिलं विमान गेलं, त्याचं नाव ‘मलबार प्रिन्सेस’. मग आलेल्या बोइंग 707 विमानांना हिमालयातली शिखरं मिळाली. 1971 च्या एप्रिलात पहिलं जंबो उतरलं ते ‘एम्परर अशोक’. त्याच्या खिडक्यांभोवती बाहेरून झरोक्यांची नक्षी रंगवलेली होती. ती आकाशात कोण बघणार होतं देव जाणे, पण रंगवली होती. पुढे एका जंबोवर शिवाजीमहाराजांचंही नाव आलं. नाव दिल्याने विमान सुखरूप राहतं असं नव्हे. ‘मलबार प्रिन्सेस’ 1950 साली माँ ब्लाँवर आदळलं, ‘अशोक’ 1978 च्या पहिल्याच दिवशी वांद्र्यासमोर समुद्रात गेलं आणि 1985 चं ‘कनिष्क’ कोण विसरेल? पण त्या प्रवाशांची आठवण आपण त्या नावानेच काढतो. आणि ‘व्हीटी’ म्हटलं की आम्हा मुंबईकरांना फास्ट लोकल आठवते. स्टेशनाचं नाव 1996 साली बदललं, विमानांची व्हीटी अजून जशीच्या तशी आहे.

नावाचं एक वेळ चालवून घेऊ. माझा खरा आक्षेप पुढे आहे. हे विमान लांब पल्ल्यावर जायला लागलं, ते कुठून? 1 सप्टेंबर 2024 पासून दिल्ली–लंडन. 1 नोव्हेंबर 2024 पासून दिल्ली–न्यूयॉर्क. 2 जानेवारी 2025 पासून दिल्ली–न्यूअर्क. प्रत्येक जोडीत नवरदेव एकच!

आता जरा हिशेब मांडू या. 1932 साली जे. आर. डी. टाटा टपालाच्या थैल्या घेऊन कराचीहून निघाले, ते आमच्या शेजारी जुहूला उतरले. 1960 साली 707 न्यूयॉर्कला निघालं ते मुंबईहून. 2007 च्या ऑगस्टात कुठेही न थांबता न्यूयॉर्क गाठणारं बोइंग 777 सुरू झालं, तेही मुंबईहून. मग 2013 साली कंपनीचं मुख्य कार्यालय नरिमन पॉइंट सोडून दिल्लीला गेलं. 2022 च्या जानेवारीत कंपनी टाटांकडे परत आली तेव्हा आमच्या इमारतीत पेढे वाटले गेले. बॉम्बे हाउस फोर्टात आहे, तेव्हा विमानं आपल्याकडेच येणार, असा सरळ हिशेब होता. टाटा मुंबईचे राहिले, विमानं दिल्लीची झाली.

मुंबईला काहीच मिळालं नाही असं म्हणणं अन्यायाचं होईल. 2022 च्या डिसेंबरात सॅन फ्रान्सिस्को आणि 2023 च्या फेब्रुवारीत न्यूयॉर्क, अशा दोन थेट सेवा मुंबईहून सुरू झाल्या. विमानं होती डेल्टा या अमेरिकन कंपनीने वापरून सोडलेली, भाड्याने घेतलेली. थोरल्याचा शर्ट धाकट्याला. 2025 च्या जुलैत इंडिगोने मुंबईहून मँचेस्टर आणि ॲमस्टरडॅम सुरू केलं, तेही नॉर्वेच्या कंपनीकडून भाड्याने आणलेल्या विमानांवर. लग्नघरी शेजारून खुर्च्या आणतात तसं. बसायला मिळालं हे खरं, पण खुर्चीच्या पाठीवर दुसऱ्याचं नाव.

दिल्लीची बाजूही ऐकली पाहिजे, नाहीतर परीक्षण कसलं? त्यांच्याकडे चार धावपट्ट्या आहेत. आमच्याकडे दोन, आणि त्या एकमेकींना छेदून जातात, त्यामुळे एकीवर विमान धावत असलं की दुसरीने गप्प उभं राहायचं. दोन सुनांना मिळून एकच ओटा! शिवाय उत्तरेतल्या पंचवीस गावांहून प्रवासी गोळा करायला दिल्ली सोयीची. हे सगळं मला पटतं. पण 2025 च्या एप्रिलात पाकिस्तानने आपल्या विमानांना आकाश बंद केलं, तेव्हा जास्त वळसा पडला तो दिल्लीलाच. त्या सप्टेंबरपासून दिल्ली–वॉशिंग्टन सेवा थांबवली, त्यात हेही एक कारण होतं. मुंबईहून पश्चिमेला निघालेलं विमान तसंही समुद्रावरून बाहेर पडतं. सगळी नवी अंडी एकाच टोपलीत ठेवताना हा समुद्र कोणाच्या नकाशात नव्हता काय?

पण धावपट्ट्या आणि नकाशे हे तज्ज्ञांचं काम. आमच्या इमारतीत विमानाबद्दल एकच प्रश्न विचारतात, “सरळ आहे का?” स्थळाची चौकशी करावी त्या सुरात. कारण इथल्या निम्म्या घरांतली मुलं न्यू जर्सीत नाहीतर कॅलिफोर्नियात आहेत, आणि त्यांच्या बाळंतपणांना जाणाऱ्या आज्या आता सत्तरी ओलांडलेल्या आहेत. वरच्या मजल्यावरच्या काकू चौऱ्याहत्तर वर्षांच्या आहेत. गुडघा नवा, मराठी जुनं, इंग्रजी ‘थँक यू’पुरतं. थेट विमान असलं की जावई तिकडे उभा, आम्ही इकडे उभे, मध्ये फक्त झोपायचं. विमान बदलायचं म्हटलं की ‘सोबत’ शोधण्याचा उद्योग सुरू होतो. त्या तारखेला कोण जातंय? डोंबिवलीच्या चुलतभावाची विहीण जात्येय, पण ती दुबईमार्गे. बोरिवलीचा एक मुलगा जातोय, पण तो कानात यंत्र घालून बसतो, बोलतच नाही. काकूंची एक वही आहे. तिच्यात गेल्या बारा वर्षांत अमेरिकेला गेलेल्या माणसांचे फोन नंबर आहेत, आणि त्यापुढे शेरे. ‘मदत करते.’ ‘सामान घेत नाही.’ ‘झोपतो.’

तीनशे सोळा आसनांच्या, सरकत्या दारांच्या त्या विमानात बसायचं, तर या काकूंनी घरापासून रिक्षाने दहा मिनिटांवर असलेल्या विमानतळावरून आधी अकराशे किलोमीटर उत्तरेला जायचं, तिथे चाकांच्या खुर्चीची वाट पाहायची, आणि मग पश्चिमेला निघायचं. त्यांनी हे सगळं शांतपणे ऐकून घेतलं. वरून विमान जात होतं, म्हणून थोडं थांबल्या आणि म्हणाल्या, “मग ते आमच्या डोक्यावरून जातं ते कोणाचं?”

मार्चच्या दुसऱ्या आठवड्यात दिल्लीमार्गे न्यूअर्कला कोणी जाणारं असेल तर कृपया कळवावं. बाई बोलक्या आहेत. सामान फार नाही, थालिपिठाची भाजणी आणि डिंकाचे लाडू. लाडवांतले चार सोबतीचे.