दिवास्वप्न आणि कुरणशाळा

शाळा सुरू झाल्या, की ठाण्यातील वा डोंबिवलीतील वह्या-पुस्तकांच्या दुकानांत एक दृश्य हमखास दिसते. आई छापील चित्रांचे तक्ते निवडीत असते, वडील पैसे मोजीत असतात आणि ज्याचा ‘प्रकल्प’ आहे ते मूल शेजारी मुकाट उभे असते. प्रकल्पाला गुण मिळतात. मुलाचे कुतूहल मात्र दुकानाच्या पायरीवरच राहते. असेच एक दृश्य पाहून परतल्यावर आम्ही गिजुभाई बधेका यांचे ‘दिवास्वप्न’ पुन्हा हाती घेतले.

1932 साली गुजरातीत प्रसिद्ध झालेले हे छोटेखानी पुस्तक कथारूप आहे. लक्ष्मीराम नावाचा शिक्षक शिक्षणाधिकाऱ्यांकडून चौथीचा वर्ग वर्षभरासाठी प्रयोगाकरिता मागून घेतो. पहिल्याच दिवशी त्याची फजिती होते. तो शांततेचा खेळ घेऊ पाहतो आणि वर्गात गोंधळ माजतो. दुसऱ्या दिवशी तो गोष्ट सांगू लागतो. त्या गोष्टीच्या ओढीने मुले स्थिरावतात. पुढे पाठ्यपुस्तकांच्या पैशांतून वर्गाचे ग्रंथालय उभे राहते, खेळ आणि नाटके येतात.

आमच्या मते या पुस्तकाचे खरे बळ त्या पहिल्या दिवसात आहे. शिक्षणावरील बहुतेक पुस्तके यशापासून सुरू होतात; हे पराभवापासून सुरू होते. शिक्षक स्वतःच चुकतो, विचार करतो, नवी वाट शोधतो. म्हणजे कुतूहल प्रथम शिक्षकात जागे होते आणि मग विद्यार्थ्यांत उतरते. हा विचार लेखकाने उपदेशाने नव्हे, घटनेने सांगितला आहे.

तथापि एक उणीव नजरेआड करता येत नाही. लक्ष्मीरामाला हसणारे सहकारी लेखकाने फार सहज निकालात काढले आहेत. शिवाय प्रयोगाचा सारा डोलारा एका उदार अधिकाऱ्याच्या धीरावर उभा आहे. परीक्षेचे भय ज्यांच्या मनात आहे, त्यांची बाजू येथे पुरेशी ऐकू येत नाही. पहाटेची लोकल पकडून मुंबईस जाणारा आणि रात्री परतणारा डोंबिवलीचा पालक गुणांसाठी जीव टाकतो, तो मूर्खपणाने नव्हे. मुलाच्या पायाखाली काहीतरी घट्ट असावे, एवढीच त्याची इच्छा असते.

या उणिवेचे उत्तर पुस्तकात नाही. ते पूर्वीच्या ठाणे जिल्ह्यात सापडते. भावनगरला गिजुभाईंच्या सहकारी असलेल्या ताराबाई मोडक यांनी 1945 साली बोर्डीस ग्राम बाल शिक्षा केंद्र सुरू केले. अनुताई वाघ त्यांना येऊन मिळाल्या आणि 1957 साली ते कार्य कोसबादच्या टेकडीवर गेले. 2014 साली पालघर जिल्हा वेगळा होईपर्यंत हा मुलूख ठाण्याचाच होता. गुरे राखणारी आदिवासी मुले शाळेत येईनात, तेव्हा तेथे शाळाच कुरणात गेली. तीच कुरणशाळा. आईबापांना दोष न देता त्यांची गरज मान्य करून मुलापर्यंत पोहोचणे, ही ‘दिवास्वप्ना’च्या पुढची पायरी होय.

येथे आम्हांस स्वतःकडेही बोट दाखविले पाहिजे. काही वर्षांपूर्वी आमच्या धर्मशिक्षणाच्या वर्गात पाचवीतल्या एका मुलाने विचारले, ‘फादर, नोहाच्या तारवात मासे होते का?’ वर्ग हसला. ‘विषय सोडून बोलू नकोस,’ असे आम्ही म्हणालो. वस्तुतः प्रश्न अगदी विषयाला धरून होता. महापुरात माशांना तारवाची काय गरज, हे त्या चिमुकल्या बुद्धीने हेरले होते. त्यानंतर वर्षभर त्याने एकही प्रश्न विचारला नाही. प्रश्नोत्तरे मात्र त्याने बिनचूक म्हणून दाखविली, आणि आम्ही त्याला बक्षीसही दिले!

लक्ष्मीराम दुसऱ्या दिवशी वर्गात गोष्ट घेऊन गेला; आम्ही दुसऱ्या आठवड्यात पुढचा धडा घेऊन गेलो. फरक एवढाच आहे, आणि तो फार मोठा आहे.

कल्याणचे सार्वजनिक वाचनालय 1864 पासून आणि ठाण्याचे मराठी ग्रंथसंग्रहालय 1893 पासून वाचकांची वाट पाहत आहे. एखाद्या रविवारी मिस्सानंतर पालकांनी मुलाला तेथे न्यावे आणि पुस्तक त्याला स्वतः निवडू द्यावे. आमच्या शहरांतली कुरणशाळा कदाचित तेथूनच सुरू होईल. तोवर आम्ही धर्मगुरूंनी आणि शिक्षकांनी एवढे तरी करावे: हसणाऱ्या वर्गाला थांबवून त्या एका मुलाचा प्रश्न पुन्हा ऐकावा.