पतनाची गोष्ट की मजुरीचा प्रश्न? : 'फॅशन' आणि 'गर्ल मॉडेल'

फॅशन मॉडेलच्या दुःखाशी दलित समीक्षेचा संबंध काय, असा प्रश्न या पृष्ठांचा वाचक प्रथम विचारील. आणि तो त्याने विचारलाच पाहिजे. ज्यांच्या आयाबहिणींना अंगभर लुगडे मिळण्यासाठी पिढ्या घालवाव्या लागल्या, त्यांनी वस्त्रांच्या प्रदर्शनाची चिकित्सा करावी हे वरवर विपरीत वाटते. परंतु दलित साहित्याने 'सौंदर्य' या मूल्याची उलटतपासणी सुरू केली, तेव्हा ती केवळ कवितेपुरती नव्हती. सुंदर कोणाला म्हणायचे हे ठरविण्याचा अधिकार कोणाच्या हाती आहे, हा तिचा गाभा होता. मॉडेल म्हणजे या अधिकाराने टेप लावून निवडलेला देह. तो देह दुसऱ्यांना माप म्हणून दाखविला जातो आणि त्या मापात बसणे हेच त्याचे काम ठरते. या कामाची हकीकत आपला चित्रपट कशी सांगतो, हे पाहणे म्हणूनच आपल्या कक्षेबाहेरचे नाही.

मधुर भांडारकरांचा 'फॅशन' हा हिंदी चित्रपट २००८ च्या ऑक्टोबरात प्रदर्शित झाला. त्यातील भूमिकांसाठी प्रियांका चोप्रा आणि कंगना राणावत या दोघींना राष्ट्रीय पुरस्कार मिळाले. मॉडेलच्या जीवनाचे 'भीषण वास्तव' म्हणून या चित्रपटाची वाखाणणी झाली. चंडीगढच्या मध्यमवर्गीय घरातील मेघना माथुर मॉडेल होण्यासाठी मुंबईस येते. नामांकित छायाचित्रकाराकडून फोटो काढून घ्यायचे तर पैसे हवेत. ते उभे करण्यासाठी ती अंतर्वस्त्रांची जाहिरात करते, आणि ते चित्र छापून येताच नातेवाईक तिला घराबाहेर काढतात. पुढे ती एका मोठ्या कंपनीचा 'चेहरा' होते. त्यासाठी शोनाली या आधीच्या मॉडेलला बाजूला सारले जाते. मालकाशी संबंध, गर्भपात, दारू, अमली पदार्थ, घरी परतणे आणि अखेर पुन्हा रॅम्पवर विजयी आगमन, असा हा प्रवास आहे. शोनाली मात्र व्यसनात मरते.

या कथेत मजुरीचे प्रश्न जागोजाग पडलेले आहेत. काम मागण्यासाठी लागणारे फोटो कामगारानेच स्वतःच्या खर्चाने का काढायचे? करारात गरोदरपणाला जागा का नाही? चेहरा बदलायचे मालकाच्या मनात आले की जुन्या चेहऱ्याचे देणे काय? चित्रपट या प्रत्येक प्रश्नाला स्पर्श करतो आणि लगबगीने पुढे जातो; कारण त्याला दुसरीच गोष्ट सांगायची आहे. ती गोष्ट पतनाची आहे. मुलगी महत्त्वाकांक्षी झाली, घराबाहेर पडली, दारू प्यायली, घसरली; बापाच्या घरी परतली, पश्चात्ताप केला, सावरली. ज्याने करार लिहिला तो शेवटपर्यंत सुरक्षित राहतो आणि जिने सही केली तिच्या चारित्र्याची तपासणी होते. ही रचना आपल्या परिचयाची आहे. तमाशाच्या फडावर बाईला नाचविणारे पाटील-इनामदार कधी पतित ठरले नाहीत. पतित ठरली ती नाचणारी.

चित्रपटाचे खरे अंतरंग एका प्रसंगात उघडे पडते. नशेच्या रात्रीनंतर मेघनाला जाग येते, तेव्हा तिच्या शेजारी एक अनोळखी काळा पुरुष झोपलेला असतो. त्याला नाव नाही, संवाद नाही, स्वभाव नाही. त्याचा रंग एवढेच त्याचे कार्य. त्याला पाहून ती हादरते आणि आपण तळाला पोहोचलो हे तिला उमगते. मालकाने तिला वापरून फेकून दिले, तो तळ नव्हता. करार, गर्भपात, हकालपट्टी, यांपैकी काहीच तळ नव्हते. काळ्या देहाचा स्पर्श झाला, तेव्हा तळ लागला! स्पर्शाने बाटण्याची कल्पना ज्या संस्कृतीत हजारो वर्षे मुरली आहे, तिच्या कॅमेऱ्याला हा प्रसंग सुचावा यात नवल नाही. नवल हे, की वास्तववादाचे कौतुक चालू असताना तो बहुतेकांना खटकला नाही. गोरेपणाचे मलम १९७५ पासून घरोघर विकले गेले आणि २०२० साली केवळ त्याच्या नावातील 'फेअर' पुसले गेले, त्या देशात सौंदर्याच्या बाजाराची कथा रंगाच्या या भीतीला प्रश्न न विचारता सांगता येते. 'फॅशन'ने ती तशी सांगितली.

याच्या शेजारी डेव्हिड रेडमन आणि ॲशली साबिन यांचा 'गर्ल मॉडेल' (२०११) हा माहितीपट ठेवून पाहावा. सैबेरियातील नोवोसिबिर्स्क शहरात शेकडो मुली अंगावर नाममात्र कपडे ठेवून रांगेत उभ्या आहेत. त्यांची मापे घेतली जात आहेत, नितंब रुंद आहेत असे त्यांच्या तोंडावर बोलले जात आहे. त्यांतून खेड्यातील तेरा वर्षांची एक मुलगी जपानसाठी निवडली जाते. दोन कामांची हमी आणि आठ हजार डॉलर, असे आश्वासन आहे. घरी अधिक खोल्या बांधता येतील, अशी आशा आहे. टोकियोच्या विमानतळावर तिला न्यायला कोणी येत नाही. भाषा येत नाही. रोज ती निवडीच्या रांगांत उभी राहते, आणि या उभे राहण्याचे पैसे नसतात. करारात अट आहे की छाती, कंबर वा नितंब एक सेंटिमीटरने वाढले तर करार रद्द होऊ शकतो. तेरा वर्षांचे शरीर वाढणार नाही तर काय करणार? अखेर ती मुलगी कमाई नव्हे, कर्ज घेऊन घरी परतते.

येथे पतन नाही, नशा नाही, खलनायकही नाही. आहे तो हिशेब. आणि हा हिशेब मराठवाड्यातील कार्यकर्त्याला समजावून सांगण्याची गरज नाही. मुकादम उचल देतो, टोळी कारखान्यावर जाते, हंगाम संपतो आणि उचल फिटलेली नसते. मॉडेलिंग एजन्सीही प्रवास, खोली, फोटो यांचा खर्च मुलीच्या नावावर मांडते आणि मिळकतीतून तो वळता करते. या माहितीपटात मुली हेरणारी बाई स्वतः पूर्वीची मॉडेल आहे. तरुणपणी या कामाचा आलेला वीट तिने स्वतःच्याच कॅमेऱ्यात नोंदवून ठेवला आहे, आणि तरी ती आज मुली पाठवते. मजुरातून मुकादम कसा घडतो, याचे इतके नितळ चित्र क्वचित सापडेल.

साम्य आणखी खोल आहे. ऊसतोड करणाऱ्या बीड जिल्ह्यातील अनेक बायकांची गर्भाशये काढली गेल्याचे २०१९ साली चव्हाट्यावर आले आणि शासनाला चौकशी समिती नेमावी लागली. पाळी आली की खाडा, खाडा झाला की दंड. त्यापेक्षा पिशवीच नको. एका ठिकाणी सेंटिमीटरची अट, दुसऱ्या ठिकाणी खाड्याचा दंड. दोन्हीकडे करार बाईच्या शरीरात शिरतो. अर्थात हे साम्य ताणू नये. सैबेरियाची मुलगी परत जाऊन शाळेत बसू शकते. ऊसतोडणीच्या बाईला जातीने, दुष्काळाने आणि भूमिहीनतेने चहूबाजूंनी घेरलेले असते. पण शोषणाची यंत्रे निरनिराळी असली तरी त्यांचे सुटे भाग पुष्कळदा सारखे निघतात.

मग मुली या रांगेत का उभ्या राहतात? समाजशास्त्रज्ञ ॲशली मिअर्स यांनी न्यूयॉर्क आणि लंडन येथे स्वतः मॉडेल म्हणून काम करीत अभ्यास केला आणि 'प्राइसिंग ब्यूटी' (२०११) हे पुस्तक लिहिले. त्यातील एक निरीक्षण विलक्षण आहे : ज्या कामाला अधिक प्रतिष्ठा, त्याला बहुधा कमी पैसे. मोठ्या मासिकात झळकणे म्हणजे मान. पोट भरते ते विक्रीच्या सूचिपत्रांतील साध्या फोटोंवर. मोबदल्याच्या जागी मान देण्याची ही युक्ती आपल्या बापजाद्यांनी भोगली आहे. गावकीत महाराला मान होते. सणाला मान, लग्नात मान, मढ्यापुढे मान. मजुरी तेवढी नव्हती. मान नाकारून मजुरी मागितली, त्या दिवशी आपण माणूस झालो.

येथे एक आक्षेप आपल्याच चळवळीतून येईल. देह दाखवून जगणे हेच मुळी स्वाभिमानाच्या विरुद्ध आहे. बाबासाहेबांनी १९३६ च्या जूनमध्ये मुंबईत परळच्या दामोदर हॉलमध्ये देवदासी, जोगतिणी आणि मुरळ्यांना हे जिणे सोडा असेच सांगितले होते ना? होय, सांगितले होते. पण कोणत्या जिण्याविषयी? जे देवाच्या नावाने, जातीच्या नावाने, जन्माबरोबर बाईच्या गळ्यात बांधले गेले होते त्याविषयी. त्या आवाहनाचा रोख गुलामगिरीवर होता. त्यातील गुलामगिरी वगळून केवळ सोवळेपणा उचलणारे लोक काय करतात, हे आपण पाहिले आहे. २००५ साली महाराष्ट्रात डान्सबारमधील नाच बंद केला गेला. नाचणाऱ्या हजारो बायका रस्त्यावर आल्या. २०१३ साली सर्वोच्च न्यायालयाने ती बंदी अवैध ठरविली. तोवर आठ वर्षे गेली होती. बंदीने बाईची भाकरी गेली. तिच्यावर पैसे उधळणाऱ्याचे काहीच गेले नाही.

म्हणून मागणी निराळी हवी. ज्या न्यूयॉर्कमधून या बाजाराचे बरेचसे नियम निघतात, तेथे मॉडेलांनीच संघटना उभारून कायद्यासाठी झगडा केला. तो कायदा जून २०२५ पासून लागू झाला. एजन्सीने नोंदणी केली पाहिजे, मॉडेलचे हित पाहिले पाहिजे, तिचे कमिशन वीस टक्क्यांवर जाता कामा नये, आणि यंत्राने मॉडेलची प्रतिमा बनवून वापरायची असेल तर तिची स्पष्ट संमती घेतली पाहिजे, अशा त्यातील तरतुदी आहेत. पतनाची गोष्ट ऐकून रडणाऱ्यांनी हा कायदा आणलेला नाही. आपले काम हे काम आहे, असे म्हणणाऱ्यांनी तो आणला.

आपल्या वसतिगृहांतील आणि वस्त्यांतील मुलींपुढेही आज हा चकचकीत दरवाजा आहे. फोटोंच्या संचासाठी आधी पैसे मागणारे दलाल त्या दरवाजाशीच उभे असतात. या मुलींना 'फॅशन' सांगतो की सांभाळून राहा, घसराल. हा उपदेश निरुपयोगी आहे, कारण तो धोका मुलीच्या स्वभावात शोधतो. त्यांच्या हाती द्यायचे ते प्रश्न : करार कोणत्या भाषेत आहे, खर्च कोणाच्या नावावर, वय किती लिहिले, पैसे किती दिवसांत, आणि नको म्हटले तर काय. आपल्या शिक्षकांनी आणि कार्यकर्त्यांनी हे प्रश्न शिकवावेत. समीक्षकांनीही, मॉडेलवरचा पुढचा चित्रपट येईल तेव्हा, नायिका किती खाली गेली हे मोजत बसू नये. तिला किती मिळाले आणि उरलेले कोणी नेले, ते विचारावे.