सखारोवचा फोन आणि आमचा

परवा मुलाने कॉम्प्युटरवर ‘सखारोव’ लावून दिला. १९८४ सालचा, अमेरिकन टेलिव्हिजनसाठी काढलेला सिनेमा. नायक जेसन रोबार्ड्‌स, त्याची बायको येलेना बॉनर म्हणजे ग्लेंडा जॅक्सन. मॉस्कोतली तमाम मंडळी फर्डं इंग्रजी बोलतात. आम्हाला त्याचं काही वाटलं नाही. आमच्या नाटकांतला औरंगजेब वर्षानुवर्षं शुद्ध मराठी बोलत आलाय.

“अहो, पण ह्या माणसाला कमी काय होतं?” आमच्या हिने मध्येच विचारलं.

खरं सांगू? सिनेमाचं नेमकं वर्म तिनं धरलं. सखारोवने रशियाच्या हायड्रोजन बॉम्बला हात लावला, बत्तिसाव्या वर्षी अकादमीत बसला, ‘समाजवादी श्रमवीर’ हा किताब तीनदा घेतला. आणि असा माणूस १९६८ साली एक निबंध लिहून सगळ्यावर पाणी सोडतो! का? तर हिशेबामुळे. अणुचाचणीच्या दर मेगॅटनमागे पुढेमागे दहा हजार माणसं बळी जातील, असं गणित त्यानं स्वतः मांडलं होतं. ते गणित त्याला झोपू देईना. सिनेमात ही आकडेमोड हवी तेवढी जाणवत नाही. रोबार्ड्‌सच्या चेहऱ्यावर आधीपासूनच संताची कळा. जॅक्सनबाई आहेत म्हणून घर घरासारखं वाटतं.

शेवटही अर्धाच. त्याला दिग्दर्शक तरी काय करणार? अफगाणिस्तानातल्या फौजांविरुद्ध बोलला म्हणून १९८० च्या जानेवारीत सखारोवला गॉर्कीला नेऊन ठेवलं. सिनेमा निघाला तेव्हा तो तिथंच होता. खरा प्रवेश पुढे घडला. १९८६ च्या डिसेंबरात एका रात्री माणसं आली, न मागता घरात फोन बसवून गेली. दुसऱ्या दिवशी घंटी वाजली. खुद्द गोर्बाचेव! मॉस्कोला परत या म्हणाले. सखारोवने आभार मानले आणि लगेच तुरुंगात नुकत्याच वारलेल्या मार्चेन्कोचा विषय काढला. बाकीच्या कैद्यांना कधी सोडता, म्हणून विचारलं.

आमच्याकडे फोन आला तो अर्ज केल्यानंतर नवव्या वर्षी. मी लाइनमनला चहा पाजला, तीनदा आभार मानले. शेजारच्यांचा अर्ज आमच्याही आधीचा होता. तो विषय काही निघाला नाही.