कोणाच्या खिशातले पैसे?

१६ एप्रिल २०२४ च्या रात्री फ्रीमाँटमधल्या एका मित्राच्या घरी टीव्ही बराच वेळ नुसताच चालू होता. गोल्डन स्टेट वॉरियर्स सॅक्रामेंटोत ११८-९४ असे हरले होते, सीझन संपला होता, आणि क्ले थॉम्पसनने दहा शॉट घेतले त्यातला एकही आत गेला नव्हता. शून्य गुण. त्याच्या पाच वर्षांच्या काँट्रॅक्टमधला तो शेवटचा सामना. जेवणाची ताटं उचलायच्या आत प्रश्न आलाच: आता याला ठेवायचं की सोडायचं?

मित्राने लॅपटॉप उघडला. एक्सेल शीट तयार होती. वय, पगार, तीन गुणांच्या शॉटची टक्केवारी, बचावात घसरलेले आकडे, सगळं. समोर त्याची बायको, जी २०१४ साली इथे आली आणि क्लेमुळेच बास्केटबॉल बघायला लागली, ती फक्त एवढंच म्हणत होती की अशा माणसाला असं सोडत नाहीत. मी सोडणाऱ्यांच्या बाजूला होते. "एकोणीस कोटी डॉलर दिलेत त्याला, हिशेब मिटला," असं मी अगदी ठणकावून म्हणाले. पॉडकास्टमध्ये हा किस्सा दोन मिनिटांत उरकला, म्हणून इथे जरा सविस्तर लिहिते आहे. कारण निर्णय बरोबर होता असं मला आजही वाटतं, पण त्या रात्री आम्ही दिलेली कारणं बहुतेक कच्ची होती, आणि एक तर साफ चूक होतं.

ज्यांनी क्लेला ऐन भरात पाहिलं नाही त्यांच्यासाठी एकच सामना सांगते. डिसेंबर २०१६, इंडियानाविरुद्ध. २९ मिनिटांत ६० गुण, आणि त्यासाठी त्याने चेंडू जमिनीवर आपटला फक्त अकरा वेळा. संपूर्ण सामन्यात चेंडू त्याच्या हातात होता जेमतेम दीड मिनिट. बाकीचा वेळ तो नुसता पळत होता, मोकळी जागा शोधत होता. स्टार खेळाडू म्हटलं की चेंडू स्वतःकडे ठेवणारा माणूस डोळ्यांसमोर येतो. हा बरोबर उलटा होता, म्हणून करीच्या शेजारी तो एवढा शोभायचा. २०१५, २०१७, २०१८ आणि २०२२, चार विजेतेपदं दोघांनी मिळून जिंकली.

आणि मग २०१९ ची फायनल. टोरंटोविरुद्ध सहाव्या सामन्यात २८ गुण झालेले असताना तो पडला, गुडघ्याचं लिगामेंट फाटलं. आतल्या बोगद्यात गेला, आणि तिथून परत फिरून येऊन दोन्ही फ्री थ्रो टाकून गेला. काही आठवड्यांत वॉरियर्सने त्याच फाटलेल्या गुडघ्यासकट त्याला पाच वर्षांचं, सुमारे १९ कोटी डॉलरचं काँट्रॅक्ट दिलं. पुढच्या वर्षी टाच गेली. दोन पूर्ण सीझन वाया गेले. जानेवारी २०२२ मध्ये तो परतला आणि पाच महिन्यांनी चौथं विजेतेपद आलं.

तेव्हा "त्याच्याशी आपलं देणंघेणं काय?" हा प्रश्न २०२४ मध्ये नवीन नव्हता. कृतज्ञता एकदा डॉलरमध्ये देऊन झाली होती. माझं "हिशेब मिटला" त्यातूनच आलं होतं. गंमत म्हणजे त्याच आठवड्यात मी स्वतःच्या काँट्रॅक्टचं पुढच्या वर्षासाठी काय होतंय त्या ईमेलची वाट बघत होते, आणि दोन गोष्टींचा एकमेकींशी काही संबंध असेल असं डोक्यातही आलं नव्हतं.

आता त्या साफ चुकीच्या कारणाकडे येऊ. ते तुम्हीही ऐकलं असेल, कदाचित म्हटलंही असेल: "तेवढ्या पैशात दुसरा चांगला खेळाडू येईल." ऐकायला घरखर्चासारखं शहाणपणाचं वाटतं. फ्रिजवर कमी खर्च करा, सोफा येईल. पण एनबीएचा हिशेब असा चालत नाही. २०२४-२५ साठी पगाराची मर्यादा सुमारे १४ कोटी डॉलर होती. एकट्या करीचा पगार साडेपाच कोटींच्या वर. त्यात विगिन्स, ड्रेमंड ग्रीन आणि बाकीचे धरले की क्लेला पूर्ण वजा करूनही मर्यादा जवळजवळ भरत होती. आणि मर्यादा भरलेल्या टीमला बाहेरच्या फ्री एजंटला मोठी रक्कम देताच येत नाही. स्वतःच्या जुन्या खेळाडूला मात्र देता येते. लॅरी बर्डच्या नावाने ओळखली जाणारी ही सूट मुद्दाम त्यासाठीच आहे की जुनी माणसं टीममध्ये राहावीत. म्हणजे क्लेला द्यायचे दोन-अडीच कोटी हे फक्त क्लेलाच देता येणारे पैसे होते. त्याला दिले नाहीत तर ते दुसऱ्या कोणाकडे जात नव्हते. ते मालकाकडेच राहत होते, आणि वर लक्झरी टॅक्सही वाचत होता. आदल्या सीझनला वॉरियर्सचा तो टॅक्सच १७ कोटी डॉलरच्या वर गेला होता.

मित्राच्या शीटमध्ये हे कुठेच नव्हतं. "वाचलेली रक्कम" असा कॉलम होता. कोणाची वाचलेली, ते लिहिलं नव्हतं.

सोडण्याच्या बाजूने खरं कारण एक होतंच, आणि ते जरा किचकट असल्यामुळे वादात मागे पडलं. २०२३ च्या करारापासून पगाराच्या वरच्या टप्प्यावर "सेकंड एप्रन" नावाची रेषा आली. २०२४-२५ मध्ये ती सुमारे १८.९ कोटींवर होती. ती ओलांडली की टॅक्स तर बसतोच, पण टीमचे हातही बांधले जातात. दोन खेळाडूंचे पगार एकत्र करून एक मोठा खेळाडू घेता येत नाही, मिड-लेव्हल सूट वापरता येत नाही, सात वर्षांनंतरचा पहिल्या फेरीचा ड्राफ्ट पिकही गोठतो. वॉरियर्सने ख्रिस पॉलचे हमी नसलेले तीन कोटी सोडून दिले, क्लेला डॅलसला जाऊ दिलं, आणि रेषांच्या खाली आले. क्लेचा सौदा सहा टीमच्या अदलाबदलीत बसवला गेला, एनबीएच्या इतिहासात सहा टीमचा तो पहिलाच. त्यातून बडी हील्ड आणि काइल अँडरसन आले. मिड-लेव्हलमधून डी'अँथनी मेल्टन आला. सहा सामन्यांत त्याचा गुडघा गेला, त्याच्या बदल्यात श्रोडर आला, आणि फेब्रुवारी २०२५ मध्ये जिमी बटलरला आणताना श्रोडर आणि अँडरसन दोघेही त्या सौद्यात गेले. ह्यूस्टनविरुद्धच्या सातव्या सामन्यात हील्डने ३३ गुण केले. म्हणजे जमाखर्च मांडणाऱ्यांना शेवटी पावती मिळाली. पण ती "तेवढ्या पैशात दुसरा" या वाक्याने मिळाली नाही. रेषेखाली राहिल्याने मिळाली, आणि त्या रात्री हे आमच्यापैकी कोणीही म्हटलं नव्हतं.

मला जास्त खटकतं ते मात्र एका शब्दाबद्दल. हा वाद आम्ही मराठीत घालत होतो, आणि मराठीत एक सोय आहे जी इंग्रजीत नाही: "आम्ही" म्हणायचं की "आपण", हे ठरवावं लागतं. समोरचा त्यात आहे की नाही, हे लपवता येत नाही. आणि आम्ही सगळे, शीटवाला मित्र, त्याची बायको, मी, एकाच शब्दाने बोलत होतो. आपण त्याला का द्यायचे? आपण त्याला द्यायलाच हवेत. आपल्याला परवडतं का? या "आपण"मध्ये वॉरियर्सचे मालक जो लेकब होते. चेस सेंटरचं वरच्या मजल्याचं तिकीटसुद्धा दोनदा विचार करून काढणारे आम्ही होतो. क्ले नव्हता. ज्याच्यासाठी हा सगळा जीव तुटत होता तो "त्याला" होता.

भावनेच्या बाजूलाही हे सुटलं नव्हतं. "अशा माणसाला असं सोडत नाहीत" यात दिलदारपणा आहे, पण तो मालकाचा दिलदारपणा आहे, जुन्या दिवाणजींना पेन्शन द्यावी तसा. त्या बाजूने कोणीही हे विचारलं नाही की त्याला स्वतःला काय हवंय. फेब्रुवारीत त्याला पहिल्या पाचातून काढून बेंचवर बसवलं, तेव्हा त्याच रात्री युटाविरुद्ध त्याने ३५ गुण केले. ते सगळ्यांना गोड वाटलं. त्यात राग किती होता ते आम्ही पाहिलं नाही, किंवा पाहायचं टाळलं. सीझनभरात सरासरी १७.९ गुण, तीन गुणांच्या शॉटमध्ये ३८.७ टक्के. हे काही उपकारावर जगणाऱ्या माणसाचे आकडे नाहीत. एका वाईट रात्रीने आम्ही त्याला म्हातारा करून टाकलं होतं.

करी, ग्रीन आणि कोच स्टीव्ह कर तिघांनीही तो परत हवा असं जाहीर सांगितलं होतं. सीझनच्या आधी दोन वर्षांचा ४.८ कोटींचा प्रस्ताव होता अशी बातमी आली होती, तो त्याने घेतला नव्हता. डॅलसला तो तीन वर्षांसाठी ५ कोटींवर गेला. वर्षाचा भागाकार करून बघा, जास्त पैशासाठी गेला असं म्हणता येत नाही. त्याने स्वतःचा हिशेब केला, त्यात आमच्या शीटमध्ये नसलेले कॉलम असणार. पुढे डॅलसने लूका डॉन्चिचलाच विकून टाकलं, तो भाग वेगळाच. फ्री एजंटने कितीही विचार करून टीम निवडली तरी टीम त्याच्यासाठी जागेवर थांबत नाही.

नोव्हेंबरमध्ये तो चेस सेंटरला पाहुणा म्हणून आला तेव्हा त्याच्या बोटीच्या वेडावरून सगळ्या प्रेक्षकांना कॅप्टनच्या टोप्या वाटल्या होत्या. मित्राची बायको गेली होती. ती टोपी त्यांच्या देवघराच्या बाजूच्या फळीवर आहे, आणि तिच्या सासूबाईंना ती तिथून हलवायची आहे. १६ एप्रिल २०२५ ला, बरोबर एक वर्षाने, क्ले डॅलसकडून पुन्हा त्याच सॅक्रामेंटोच्या मैदानात उतरला आणि २३ गुण करून जिंकून गेला. आमच्या ग्रुपवर टाळ्यांचा पाऊस पडला. मी शीटचा फोटो टाकणार होते, टाकला नाही.

मग २०२५ चा उन्हाळा आला आणि जोनाथन कुमिंगा फ्री एजंट झाला. तो लांबलेला घोळ तुम्हाला आठवत असेल. तेच घर, तोच लॅपटॉप, नवीन टॅब. मित्राचं पहिलं वाक्य होतं, "त्याच्या पैशात आपण कोण आणू शकतो बघ."

मी विचारलं, "आपण म्हणजे कोण रे?"

"आता तू सुरू करू नकोस," तो म्हणाला, आणि कॉलमची रुंदी वाढवायला लागला.