घशातील चिन्हे आणि त्यांचे वाचन

रॉबर्ट सेंटर व त्यांचे सहकारी यांनी १९८१ साली प्रसिद्ध केलेला निबंध वैद्यकाचा असला, तरी त्यातील खरा प्रश्न चिन्हांच्या वाचनाचा आहे. घसा दुखतो म्हणून अमेरिकेतील एका रुग्णालयाच्या तातडीच्या विभागात आलेल्या २८६ प्रौढांच्या पाहणीवरून त्यांनी स्ट्रेप्टोकॉकस जंतूचा संसर्ग सुचविणारी चार लक्षणे निवडली : टॉन्सिलवरील पुवाचा थर, गळ्याच्या पुढील बाजूच्या सुजलेल्या व दुखऱ्या गाठी, ताप येऊन गेल्याचे रुग्णाचे कथन, आणि खोकल्याचा अभाव.

यांपैकी शेवटचे लक्षण भाषेच्या अभ्यासकास परिचित वाटावे. 'एक दगड, दोन दगड' यांत अनेकवचनाचा प्रत्यय दिसत नाही, म्हणून तेथे काहीच नाही असे आपण म्हणत नाही. जे अपेक्षित असून दिसत नाही, त्यालाच पाणिनीने लोप ही संज्ञा दिली. विषाणुजन्य पडशात खोकला अपेक्षित असतो, म्हणूनच त्याचे नसणे बोलके ठरते. सेंटर यांच्या मांडणीतील हा सर्वांत मार्मिक भाग होय.

परंतु या मांडणीचे वाचन बहुधा उलटे होते. चारही लक्षणे असता जंतू सापडण्याची संभाव्यता ५६ टक्के, तीन असता ३२, दोन असता १५, एक असता ६.५ आणि एकही नसता २.५. म्हणजे पूर्ण गुण मिळूनही निश्चिती निम्म्याहून थोडीच अधिक. नकार मात्र जवळजवळ खात्रीचा. असे असता चार गुण हाच पुरावा मानून प्रतिजैविक लिहून देणे हे तर्कास सोडून आहे. शिवाय जंतू सापडला तरी रुग्ण केवळ त्याचा वाहक असू शकतो. मॅकआयझॅक यांनी १९९८ साली वयाचा विचार जोडून पंचेचाळिशीच्या पुढे एक गुण वजा केला. ती दुरुस्ती रास्त आहे.

अडचण उरते ती तिसऱ्या लक्षणाची. ते रुग्णाच्या शब्दांवर उभे आहे, आणि आपला रुग्ण 'ताप होता' असे क्वचितच म्हणतो. तो 'कणकण होती', 'कसकस वाटत होती', 'अंग गरम लागत होते' असे म्हणतो. यांतील कशास गुण द्यावयाचा? अन्य दोन लक्षणे असतील, तर या एका शब्दाच्या अर्थावर १५ टक्क्यांचे ३२ टक्के होतात. तेव्हा थर्मामीटर लावला होता काय आणि तो किती भरला, हा प्रश्न गुण मांडण्यापूर्वी विचारलाच पाहिजे.