'भाऊबंदकी'तील निवाडा

कृष्णाजी प्रभाकर खाडिलकर यांच्या 'भाऊबंदकी' (१९०९) या नाटकाची चर्चा बहुधा स्वभावचित्रणाच्या अंगाने होत आली आहे. महत्त्वाकांक्षी आनंदीबाई, दोलायमान राघोबा आणि निःस्पृह रामशास्त्री यांच्याकडे पाहून 'मॅकबेथ'चे स्मरण करावे, असा जणू संकेतच पडून गेला आहे. ही तुलना अयोग्य नव्हे. परंतु तिच्यामुळे नाटकाच्या मुळाशी असलेला राजकीय प्रश्न झाकला जातो, असे प्रस्तुत लेखकास वाटते.

३० ऑगस्ट १७७३ रोजी शनिवारवाड्यात नारायणराव पेशव्यांचा खून झाला. त्यांचे वय तेव्हा अवघे अठरा वर्षांचे होते. मारेकरी सुमेरसिंग प्रभृती गारदी हे पगारी शिपाई. थकलेल्या पगाराचा तगादा हे त्यांच्या दंग्याचे निमित्त होते. राज्याच्या रक्षणासाठी ठेवलेले शस्त्र पैशाच्या पाठीमागे गेले, हे या घटनेचे खरे मर्म होय. लोकपरंपरेने मात्र आनंदीबाईने 'धरावे'चे 'मारावे' केले, एवढेच उचलले. ही कथा कागदाच्या आधारापेक्षा कर्णोपकर्णीच आपल्यापर्यंत अधिक आली आहे. तरीही 'ध'चा 'मा' करणे हा वाक्प्रचार मराठीत कायमचा रुजला. भाषेने लेखणी लक्षात ठेवली आणि थैली विसरली!

पुढील घटनाक्रम पाहिला म्हणजे हे विस्मरण किती महागात पडते, ते कळून येते. गादी हातची गेल्यावर राघोबाने ६ मार्च १७७५ रोजी सुरत येथे इंग्रजांच्या व्यापारी कंपनीशी तह केला आणि लष्करी साहाय्याच्या मोबदल्यात साष्टी व वसई देऊ केली. वाड्यातील खुनाने सुरू झालेला व्यवहार अशा रीतीने व्यापाऱ्यांच्या दारी पोहोचला. त्याच सुरतेत १९०७ साली राष्ट्रसभेत फूट पडली. दोन वर्षांनी आलेल्या नाटकाच्या शीर्षकात तत्कालीन प्रेक्षकाला तिचा पडसाद ऐकू आला असल्यास नवल नाही. परंतु याच शीर्षकामुळे सत्तेचा बाजार हा घरगुती कलह भासू लागतो, आणि दोषाचा भार एका स्त्रीच्या माथी जातो. नाटकाची ही मर्यादा मान्य केली पाहिजे.

असे असूनही नाटक या मर्यादेवर मात करते, ते रामशास्त्र्यांच्या निवाड्यामुळे. देहान्त प्रायश्चित्त सांगितले जाते ते राघोबास, आनंदीबाईस नव्हे. अक्षर कोणी बदलले, यापेक्षा अधिकार कोणाचा होता आणि खुनाचा लाभ कोणाच्या पदरी पडला, हे या निवाड्याच्या दृष्टीने महत्त्वाचे ठरते. म्हणजे लोकांच्या वाक्प्रचाराने दिलेला निकाल नाटकातील न्यायाधीशाने फिरविला आहे. त्यांच्यापाशी फौज नव्हती, खजिनाही नव्हता. होता तो केवळ शब्द. तो विकत घेता आला नाही, यातच त्याचे सामर्थ्य आहे.

देवपुरातून पांझरा ओलांडली की धुळ्यात १९२७ साली स्थापन झालेले राजवाडे संशोधन मंडळ आहे. ज्या संशोधकाचे नाव ते धारण करते, त्याने दंतकथेपुढे कागद ठेवण्याचा आग्रह आयुष्यभर धरला. समीक्षेनेही तोच आग्रह धरावा. राजकीय खुनाचा विचार करताना लेखणी कोणाची, एवढे विचारून थांबू नये. थैली कोणाची, हेही विचारावे.