'ऑर्लँडो' : किताब, घर आणि वगळलेले वारस

प्रास्ताविक

व्हर्जिनिया वुल्फ यांची 'ऑर्लँडो' ही कादंबरी ११ ऑक्टोबर १९२८ रोजी होगार्थ प्रेसने प्रसिद्ध केली. कादंबरीचा कथाकाळही त्याच दिवशीच्या मध्यरात्री संपतो. एलिझाबेथ राणीच्या काळातील एक सरदारपुत्र कॉन्स्टँटिनोपल येथे राजदूत असताना स्त्री होतो आणि तीन शतकांहून अधिक काळ जगून लेखिकेच्या वर्तमानात येऊन पोहोचतो, असे तिचे कथानक आहे. ही कादंबरी व्हिटा सॅकव्हिल-वेस्ट यांना अर्पण केलेली असून ऑर्लँडो हे त्यांचेच कल्पित रूप होय, हे सर्वश्रुत आहे.

'ऑर्लँडो'ची समीक्षा प्रामुख्याने तीन अंगांनी झाली आहे. लिंगभावाच्या अस्थिरतेचे चित्रण, चरित्रवाङ्मयाचे विडंबन आणि एका स्त्रीने दुसरीला लिहिलेले दीर्घ प्रेमपत्र, ही ती तीन अंगे होत. यांपैकी तिसऱ्या वाचनाला व्हिटा यांचे पुत्र नायजेल निकोल्सन यांच्या १९७३ मधील 'पोर्ट्रेट ऑफ अ मॅरेज' या ग्रंथाने विशेष बळ दिले. तिन्ही वाचनांत तथ्य आहे. तथापि या कादंबरीच्या मध्यभागी वारसाहक्काचा एक खटला आहे आणि तो एका प्रत्यक्ष उमराव घराण्याच्या इतिहासातून आलेला आहे, याकडे पुरेसे लक्ष दिले जात नाही. प्रस्तुत लेखात सॅकव्हिल घराण्याच्या किताबाचा इतिहास व कादंबरीतील न्यायनिवाडा एकत्र वाचण्याचा प्रयत्न केला आहे. वुल्फ यांनी व्हिटा यांना त्यांचे हिरावलेले घर कल्पनेत परत दिले. परंतु तसे करताना त्याच घराण्याने नाकारलेल्या दुसऱ्या वारसांना कादंबरीनेही पुन्हा एकदा नाकारले, हे येथील प्रतिपाद्य आहे.

किताबाचा इतिहास : सनद आणि स्त्रीवंश

केंट परगण्यातील नोल हा विस्तीर्ण वाडा सॅकव्हिल घराण्याकडे आला तो टॉमस सॅकव्हिल यांच्या काळात. एलिझाबेथ राणीच्या दरबारातील हे मुत्सद्दी १५६७ मध्ये बॅरन बकहर्स्ट व १६०४ मध्ये अर्ल ऑफ डॉर्सेट झाले. ते कवीही होते. टॉमस नॉर्टन यांच्यासह त्यांनी लिहिलेली 'गॉर्बोडक' ही निर्यमक छंदातील पहिली इंग्रजी शोकात्मिका मानली जाते आणि तिचा विषय राज्याच्या वारशाची वाटणी हाच आहे. घराण्याच्या संस्थापकाने वारशाच्या प्रश्नावर नाटक लिहावे आणि सुमारे साडेतीनशे वर्षांनी त्याच घराण्याच्या वारशावर कादंबरी लिहिली जावी, हा योग लक्षणीय आहे.

१७२० मध्ये या घराण्याला ड्यूक ऑफ डॉर्सेट हा किताब मिळाला. पुरुषवारसाअभावी तो १८४३ मध्ये लुप्त झाला. नोल मात्र घराण्यातून गेले नाही. तरुण वयात १८१५ मध्ये मृत्यू पावलेल्या चौथ्या ड्यूकच्या दोन बहिणींकडे ते क्रमाने आले. धाकटी बहीण एलिझाबेथ हिचा विवाह अर्ल डे ला वॉर यांच्याशी झाला होता. सॅकव्हिल-वेस्ट हे जोडनाव या विवाहातून रूढ झाले. व्हिटा ज्या नावाने लिहीत आणि ज्या वाड्याला आपला मानत, ते नाव व तो वाडा ही दोन्ही त्यांच्या शाखेकडे स्त्रीच्या हातून आली होती.

१८६४ मध्ये एलिझाबेथ यांना स्वतःच्या अधिकारात बॅरोनेस बकहर्स्ट हा किताब देण्यात आला. तो धाकट्या मुलांकडे जावा आणि धारक अर्ल झाल्यास पुढच्या भावाकडे सरकावा, अशी त्या सनदेची योजना होती. किताब असा एकाकडून काढून दुसऱ्याकडे सरकवण्याची अट १८७६ मध्ये हाउस ऑफ लॉर्ड्सने ग्राह्य मानली नाही. त्याच वर्षी नोलचे तत्कालीन मालक मॉर्टिमर यांच्यासाठी बॅरन सॅकव्हिल हा नवा किताब निर्माण झाला. मॉर्टिमर यांना पुत्र नसल्यास तो त्यांच्या भावांकडे व त्यांच्या पुरुषसंततीकडे जाईल, अशी विशेष तरतूद सनदेत होती. या तपशिलाचा अर्थ महत्त्वाचा आहे. वारशाचा क्रम हा रक्ताचा निसर्गनियम नव्हता; तो सनदेत लिहिलेला मजकूर होता आणि सोयीप्रमाणे वेगळा लिहिता येत होता. भावांसाठी विशेष तरतूद होऊ शकली. मुलींसाठी ती केली गेली नाही.

१९१० चा दावा : पेपिताची मुले

मॉर्टिमर यांच्यानंतर त्यांचे भाऊ लायनेल हे दुसरे बॅरन झाले. मुत्सद्दी असलेल्या लायनेल यांचे पेपिता या नावाने विख्यात असलेल्या स्पॅनिश नर्तकीशी दीर्घकाळ संबंध होते. या संबंधातून त्यांना पुत्र व कन्या झाल्या. पेपिता १८७१ मध्ये निवर्तली. त्यांची कन्या व्हिक्टोरिया वडिलांबरोबर वॉशिंग्टन येथील ब्रिटिश वकिलातीत यजमानीण म्हणून वावरली आणि १८९० मध्ये तिने आपला चुलतभाऊ लायनेल याच्याशी विवाह केला. व्हिटा ही या दांपत्याची एकुलती एक कन्या. तिचा जन्म १८९२ चा.

दुसऱ्या बॅरनचा मृत्यू १९०८ मध्ये झाल्यावर त्यांचा व पेपिताचा पुत्र हेन्री याने आपण औरस असल्याचा दावा केला. आईवडिलांचा विधिवत विवाह झाला होता, असे त्याचे म्हणणे होते. दावा मान्य झाला असता तर किताब व नोल त्याच्याकडे गेले असते. उलट पक्षी व्हिटा यांच्या वडिलांचा, म्हणजे पुतण्याचा, हक्क केवळ पेपिताची मुले अनौरस ठरण्यावरच अवलंबून होता. पेपिताने १८५१ मध्ये माद्रिद येथे ओलिवा नामक नर्तकाशी लग्न केले होते आणि ते लग्न कायम होते, हा प्रतिपक्षाचा मुख्य आधार. फेब्रुवारी १९१० मध्ये लंडनच्या न्यायालयाने हेन्रीचा दावा फेटाळला.

या निकालाची विपरीतता अशी की, व्हिक्टोरिया हीदेखील पेपिताचीच कन्या होती. पतीला किताब मिळावा यासाठी तिला आपल्या भावाचे आणि पर्यायाने स्वतःचेही अनौरसत्व सिद्ध झालेले हवे होते. व्हिटा यांनी नोलमध्ये काढलेले तारुण्य या निकालावर उभे होते. हेन्रीने १९१४ मध्ये आत्महत्या केली.

१९२८ : कन्येचा अनधिकार

२८ जानेवारी १९२८ रोजी व्हिटा यांचे वडील, तिसरे बॅरन, मृत्यू पावले. किताब त्यांचे बंधू चार्ल्स यांच्याकडे गेला आणि किताबाबरोबर नोलही गेले. विशेष म्हणजे जमिनीवर ज्येष्ठ पुत्राचाच हक्क मानणारा जुना नियम, मृत्युपत्र नसलेल्या मालमत्तेपुरता, १९२५ च्या कायद्यांनी इंग्लंडमध्ये रद्द केला होता. हे कायदे १ जानेवारी १९२६ पासून अमलात आले होते. १९२८ मध्येच एकवीस वर्षांवरील सर्व स्त्रियांना पुरुषांच्या बरोबरीने मताधिकार मिळाला. तरीही सनदेने ठरवलेले किताब व पूर्वीच्या बंदोबस्ताने बांधलेल्या इस्टेटी यांना हा बदल स्पर्शू शकला नाही. ज्यांच्याकडे स्वतःच्या अधिकारात किताब होता, त्या लेडी ऱ्हाँडा यांनाही १९२२ मध्ये हाउस ऑफ लॉर्ड्समध्ये बसण्याचा हक्क नाकारण्यात आला होता.

वुल्फ यांनी 'ऑर्लँडो'चे लेखन ऑक्टोबर १९२७ मध्ये सुरू केले व मार्च १९२८ मध्ये पहिला खर्डा पूर्ण केला. म्हणजे व्हिटा यांच्या हातून नोल गेले तेव्हा कादंबरी लिहिली जात होती. पहिल्या आवृत्तीत नोलमधील चित्रांची व व्हिटा यांची छायाचित्रे ऑर्लँडो म्हणून छापली गेली. किताबाच्या सनदेने जे नाकारले, त्याची दुसरी सनद म्हणून हे पुस्तक तयार झाले, असे म्हणता येईल.

कादंबरीतील न्यायनिवाडा

स्त्री होऊन इंग्लंडला परतलेल्या ऑर्लँडोला कळते की तिच्याविरुद्ध खटले उभे आहेत. त्यांतील प्रमुख आक्षेप तीन. ती मृत आहे, म्हणून मालमत्ता धारण करू शकत नाही. ती स्त्री आहे, आणि याचा परिणाम जवळजवळ तोच होतो. तिसरे म्हणजे, पुरुष असताना तिने रोझिना पेपिता या नर्तकीशी विवाह केला आणि त्यातून झालेले तीन पुत्र आता मालमत्तेवर हक्क सांगत आहेत. पहिल्या दोन आक्षेपांच्या जोडणीत वुल्फ यांच्या उपरोधाची धार दिसते. कायद्याच्या दृष्टीने स्त्री असणे हे मृत असण्याचाच एक प्रकार आहे, हे एवढ्या कमी शब्दांत क्वचितच कुणी मांडले असेल.

खटल्याचा निकाल थेट व्हिक्टोरिया राणीच्या काळात लागतो. ऑर्लँडो स्त्री असल्याचे निर्विवाद ठरते, विवाह रद्दबातल होतो, मुले अनौरस ठरतात आणि इस्टेट तिच्या पुरुषसंततीच्या नावे बांधली जाते. शतकभराच्या खर्चाने ती पुन्हा कुलवान होते आणि दरिद्रीही. येथे दोन गोष्टी ध्यानात घ्याव्या लागतात. पहिली, काल्पनिक निकालातही पुरुषवंशाची अट कायम राहते. कादंबरीच्या अखेरच्या भागात ऑर्लँडोला पुत्र होतो, यातून ती अट जणू पूर्णच होते. हा उपरोध वुल्फ यांना अभिप्रेत असावा. न्याय मिळाला तरी न्यायाची भाषा बदलत नाही, हे त्यातून सूचित होते.

दुसरी गोष्ट अधिक गंभीर आहे. मुलांना वारसा मिळणार नाही हे वाचून ऑर्लँडो सरळसरळ समाधान व्यक्त करते. वुल्फ यांनी नर्तकीचे पेपिता हे नाव बदललेले नाही. १९१० चा दावा वृत्तपत्रांनी गाजवला होता. त्यामुळे हा संदर्भ जाणत्या वाचकाला तत्काळ कळणारा होता. स्त्री म्हणून वगळल्या गेलेल्या नायिकेचे दुःख कादंबरी समजून घेते. अनौरस म्हणून वगळल्या गेलेल्यांचे दुःख मात्र एका विनोदी वाक्यात संपवते. किंबहुना पहिल्या अन्यायाच्या परिमार्जनासाठी दुसरा अन्याय आवश्यक ठरतो. प्रत्यक्ष इतिहासातही नेमके हेच घडले होते.

एक आक्षेप व त्याचे उत्तर

'ऑर्लँडो' ही क्रीडावृत्तीने लिहिलेली कादंबरी आहे; तिच्याकडून न्यायालयीन काटेकोरपणाची अपेक्षा करणे अरसिकपणाचे आहे, असा आक्षेप येथे घेता येईल. परंतु खटला, दस्तऐवज आणि निकालपत्र कादंबरीत समीक्षकाने आणलेले नाहीत. ते लेखिकेने आणले आहेत. ज्या कलाकृतीने कायद्याचे हास्यास्पद रूप इतक्या निर्भयपणे उघड केले, तिने त्या कायद्याचा कोणता भाग हसण्यावारी नेला, हे विचारणे अप्रस्तुत ठरत नाही. शिवाय या उणिवेची जाणीव खुद्द व्हिटा यांना पुढे झाली असावी, असे मानण्यास आधार आहे. १९३७ मध्ये त्यांनी 'पेपिता' हा आजी व आई यांचा चरित्रग्रंथ लिहिला आणि त्यासाठी दाव्यानिमित्त स्पेनमध्ये नोंदवलेल्या साक्षींचा उपयोग केला. घराण्याचा हक्क वाचवण्यासाठी जमवलेली कागदपत्रे नातीने आजीला पुन्हा जिवंत करण्यासाठी वापरली. तरी त्या ग्रंथातही मध्यवर्ती स्थान आजीला व आईला आहे. दावा हरलेल्या मामाला नाही. त्या भावंडांची कथा स्वतंत्रपणे मांडली गेली ती सातवे बॅरन रॉबर्ट सॅकव्हिल-वेस्ट यांच्या २०१४ मधील 'द डिसइनहेरिटेड' या पुस्तकात.

समारोप

नोल १९४६ मध्ये नॅशनल ट्रस्टकडे सोपवले गेले. किताबाचा प्रवास मात्र जुन्याच वाटेने चालू राहिला. सहाव्या बॅरनना पाच कन्या होत्या. २००४ मध्ये किताब पुतण्याकडे, म्हणजे रॉबर्ट यांच्याकडे गेला. २०१३ च्या कायद्याने राजसिंहासनाच्या वारशात मुलगी व मुलगा यांतील भेद दूर केला. उमरावांच्या किताबांना तो लागू केला नाही. १८७६ च्या सनदेतील मजकूर व्हिटा यांच्यानंतरही मुलींना वगळत राहिला.

'ऑर्लँडो'चे हस्तलिखित वुल्फ यांनी व्हिटा यांना भेट दिले होते. ते आज नोलमध्येच जतन केलेले आहे. व्हिटा यांना जे घर मिळाले नाही, तेथे त्यांच्यासाठी लिहिलेले पुस्तक पोहोचले, ही घटना साहित्याच्या सामर्थ्याची साक्ष म्हणून सांगितली जाते आणि ते रास्तच आहे. मात्र त्या पुस्तकाचे मूल्यमापन करताना वारसाहक्काच्या प्रश्नाची दुसरी बाजूही नोंदवली पाहिजे. वारसा नाकारल्या गेलेल्या एका व्यक्तीची बाजू मांडताना, तोच वारसा नाकारल्या गेलेल्या दुसऱ्यांकडे पाहण्याची दृष्टी आपोआप येत नाही. 'ऑर्लँडो' ही थोर कादंबरी आहे. तिच्या थोरवीला ही मर्यादाही जोडलेली आहे. ती मर्यादा दाखवल्याने कादंबरी लहान होत नाही. तिच्या हास्यामागे ज्यांचे नाव दडले आहे, त्यांची नोंद तेवढी पूर्ण होते.